तुमी खंयचे?

कोल्हापूर,
१ नोव्हेंबर

चि. मुग्धास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गाडी वेळेवर सुटली होती, पण आंबोलीच्या घाटात धुके फार असल्यामुळे आजऱ्यालाच उशीर झाला आणि घरी यायला दुपारचे तीन वाजले. पोहोचल्याचा निरोप मी दादाकरवी दिला, तुला स्वतः फोन केला नाही, हे तुझ्या लक्षात आलेच असेल. म्हापशाच्या स्टँडवर तू मला खिडकीजवळची जागा धरून दिलीस, पाण्याची बाटली दिलीस, पोयांची, त्या तिथल्या पावांची, पिशवी मांडीवर ठेवलीस आणि एक शब्दही न बोलता खाली उतरलीस. तुझी आई रागावली की अशीच सगळी कामे नेहमीपेक्षा जास्त नीट करायची. फोनवर बोलायला लागलो की माझा आवाज चढतो, आणि मग हे तलाठी कार्यालय नाही असे तू मला सुनावतेस, म्हणून चार दिवस जाऊ देऊन हे पत्र लिहायला घेतले आहे.

आदल्या रात्री मी जे बोललो ते बोलायला नको होते. ‘भाड्याने राहतेस तोवर पाहुणी आहेस, घर विकत घेतलेस की भायली, बाहेरची, होशील, आणि मग मध्यरात्री काही झाले तर या गावातले कुत्रेसुद्धा तुझ्या दारात येणार नाही’, हे माझे वाक्य मला सावंतवाडीपर्यंत ऐकू येत होते. त्यातले कुत्रे मी मागे घेतो. तू उलट जे म्हणालीस ते मात्र खरे होते. ‘बाबा, तुम्ही बारा दिवसांत सगळ्या गावाशी बोललात, एकट्या माझ्याशी बोलला नाहीत’, असे म्हणून तू भांडी घासायला गेलीस, आणि खरे होते म्हणूनच मला उत्तर सुचले नाही. तेव्हा आज असे ठरवून बसलो आहे की रात्री-अपरात्री तुझ्याकडे कोण येईल हा विषय या पत्रात काढायचा नाही. त्या बारा दिवसांत मी कोणाशी काय बोललो तेवढेच सांगायचे. निवृत्त माणूस वेळ घालवतो आहे असे तुला वाटले असेल, पण तसे ते नव्हते.

तुझ्या घराला बलकांव आहे म्हणून हे सगळे घडले. आपल्या शुक्रवार पेठेत बाहेरच्या माणसाशी बोलायचे तर रस्त्यावर जाऊन उभे राहावे लागते, नाहीतर त्याला आत घेऊन चहा टाकावा लागतो. मधली जागा आपल्याकडे नाही. गोव्यात, तुझ्या मयड्याला ती आहे. पायऱ्या चढून वर आले की समोरासमोर दोन दगडी सोपे, वर कौलांची पाखी, आणि पाठीमागे दार उघडे असले तरी आलेल्या माणसाला आत यावे लागत नाही व घरच्याला त्याला घालवून द्यावेही लागत नाही. मी साडेसहाला तिथे जाऊन बसलो की जाणारा-येणारा पायरीशी थांबे आणि पहिला प्रश्न एकच विचारी, ‘तुमी खंयचे?’ नोकरीत हा प्रश्न मी हजारो लोकांना विचारला असेल. गाव कोणते, वडिलांचे नाव काय, गट नंबर किती. मला मात्र तो कोणी विचारल्याचे आठवत नाही, कारण मी जिथे बसत असे तिथे विचारणारा मीच असे.

मी कोल्हापूर म्हणालो की समोरचा माणूस थोडा हसे. ते हसणे मला दोन दिवसांनी, तू मला कळंगुटच्या रस्त्याने नेलेस तेव्हा कळले. पुढच्या चार गाड्यांपैकी दोन एमएच ०९ होत्या, एकीच्या टपावर दोन पोरे उघडी बसली होती, आणि भाताच्या खाचराच्या बांधावर मोकळ्या बाटल्यांची रांग लावलेली होती. तू काही बोलली नाहीस, पण तुझे माझ्याकडे पाहणे मी पाहिले. घाटावरून उतरतो तो घांटी, हे मला ठाऊक होते. आपल्याकडेही कोकणातल्या माणसाला आपण काय काय म्हणतो ते मला ठाऊक आहे. पण त्या शब्दाच्या आत स्वतः उभे राहून पाहिले नव्हते.

पोदेराचा, म्हणजे भट्टीवाल्या पाववाल्याचा, मुलगा आठवतो ना? सायकलचा भोंगा वाजवीत येतो, निळ्या प्लास्टिकखालच्या टोपलीत उंडे एकीकडे, पोया एकीकडे, आणि काकणे एका काठीत ओवलेली. गोव्याची म्हणून जी चित्रे छापतात त्यांत हा हमखास असतो. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन वाजला आणि तो कन्नडमध्ये बोलू लागला. माझे आजोळ निपाणीचे, त्यामुळे मोडकेतोडके कन्नड मला येते हे तू जाणतेस, पण अशोकमामांच्या देखत ते बोलायची सोय नव्हती म्हणून मी ते कधी वापरले नाही. त्या सकाळी मात्र तोंडातून निघून गेले, ‘यावूर निंदु?’ म्हणजे मीदेखील त्याला तोच प्रश्न विचारला. तो क्षणभर बावरला आणि म्हणाला, ‘म्हापसा.’ बाप बागलकोटकडून भट्टीवर कामाला आला, जुन्या पोदेराची मुले परदेशी गेली, भट्टी याच्या बापाने चालवायला घेतली, आणि हा म्हापशालाच जन्मला. घरात कन्नड, दारोदार कोंकणी. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला सरकारी नोकरीसाठी लागतो, तो त्याने काढून ठेवला आहे, नोकरी मात्र लागलेली नाही. दाखला असूनही भांडण झाले की त्याला घांटीच म्हणतात, असे त्याने अगदी हवामान सांगावे तसे सांगितले.

मी मनात हिशेब केला. तुला तिथे तीन वर्षे झाली, म्हणजे निव्वळ कागदाला अजून बारा.

आणि मग मी त्याला विचारले, हे कबूल करतो. या घरातल्या बाईला मध्यरात्री काही झाले तर हाक कोणाला मारायची? तो हसून म्हणाला की रात्री दोनला भट्टी पेटते, तेव्हा गावात जागा असा मी एकटाच असतो. त्याचा नंबर मी घेऊन ठेवला आहे. तू रागावशील, पण घेतला आहे.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात तू हळदोण्याच्या मिरच्या निवडत होतीस तेव्हा वर्तमानपत्रांच्या स्टॉलशी ज्या गृहस्थांबरोबर मी तासभर उभा राहिलो, आणि ज्यांच्यामुळे तुझी मासळी उन्हात बसली, त्यांच्याविषयी मी तुला नीट सांगितलेच नाही. ते पेडण्याकडचे, एकतीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालेले, आणि त्यांचे मराठी माझ्यापेक्षा शुद्ध आहे. घरात रोज संध्याकाळी अभंग म्हणतात. मला राहवले नाही. एवढी मराठी तुमच्या घरात असताना १९६७ साली महाराष्ट्रात यायला तुमचा गोवा नाही का म्हणाला, असे मी त्यांना विचारले.

तो प्रश्न खरे तर मामांचा होता. तुला मामा आठवतात ते झोपाळ्यावर बसून तुला शेंगदाण्याचा लाडू देणारे. मला आठवतात ते दंडाला काळी फीत बांधून तंबाखूच्या वखारीसमोर उभे राहिलेले. १ नोव्हेंबर १९५६ ला निपाणी म्हैसूर राज्यात गेली, आणि ही तारीख त्यांनी मरेपर्यंत उपाशी राहून पाळली. आज ती आहे म्हणूनही कदाचित हे सारे वर येत असेल. गोव्याच्या कौलाचा निकाल रेडिओवर लागला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो व वर्षश्राद्धासाठी निपाणीला गेलो होतो. मामा बातमी ऐकून ताटावरून उठले. ‘आम्ही मागून मिळत नाही, आणि त्यांना घरी आणून देताहेत तर नको’, एवढेच ते बोलले. त्याच वर्षी महाजन आयोगाने निपाणी महाराष्ट्राला द्यावी आणि बेळगाव देऊ नये असे लिहिले, आणि त्यातले काहीच झाले नाही. मामांच्या मनात गोव्याविषयीची अढी कायम राहिली, आणि ती थोडी माझ्याकडे आली असणार.

गुरुजींना आकडे तोंडपाठ होते. १६ जानेवारी १९६७. विलीनीकरणाला फुलाचे चिन्ह, वेगळे राहायला दोन पानांचे. फुलाला १,३८,१७० मते, दोन पानांना १,७२,१९१. त्यांच्या वडिलांनी फुलावर शिक्का मारला, कारण मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या राज्यात गावात पहिल्यांदा मराठी शाळा आली होती. थोरल्या भावाने दोन पानांवर मारला. दोघे पुढे सहा महिने एका पंक्तीला बसले नाहीत. मला गंमत वाटली ती पुढच्या गोष्टीची. थोरल्या भावाचे मन फिरवले ते मडगावच्या ‘राष्ट्रमत’ या दैनिकाने, आणि त्यातल्या उदय भेंब्रे यांच्या ‘ब्रह्मास्त्र’ या सदराने. म्हणजे महाराष्ट्रात जायचे नाही हे त्या घराला पटले ते मराठी वाचूनच. आणि जानेवारीत भाऊसाहेबांचे विलीनीकरण नाकारणाऱ्या गोव्याने मार्चच्या निवडणुकीत त्याच भाऊसाहेबांना पुन्हा मुख्यमंत्री केले. मी म्हटले, ही तऱ्हा मला समजत नाही. गुरुजी म्हणाले, ‘त्यात न समजण्यासारखे काय आहे? माणूस आमचा होता, फक्त घर तुमचे होते.’ आणि मग माझी नोकरी विचारून घेऊन म्हणाले की विलीन झालो असतो तर रत्नागिरीच्या खालचा एक जिल्हा झालो असतो, मामलेदार घाटावरून आले असते, आणि तलाठी म्हणून कदाचित तुम्हीच आला असता. मी हसलो, पण मुग्धा, मी खरोखरच आलो असतो. बदलीचा हुकूम निघाला असता तर बिछाना बांधून आलो असतो, आणि त्यांच्या कोमुनिदादीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक, शेतांना सातबारा लावत बसलो असतो, एक शब्द कोंकणीचा न शिकता.

हेच गुरुजी १९८६ च्या भाषावादात मराठीच्या मोर्च्यात होते. ४ फेब्रुवारी १९८७ ला राजभाषेचा कायदा झाला, देवनागरीतली कोंकणी राजभाषा ठरली, मराठीला सरकारी वापराची मुभा मिळाली, आणि ३० मे १९८७ ला गोवा राज्य झाले. ती मुभा त्यांना अजून बोचते. तरीही विलीनीकरण झाले नाही याचा त्यांना आनंद आहे. हे दोन्ही एका माणसात कसे नांदते ते मामांना मी समजावू शकलो नसतो. मामांच्या नातीने धारवाडला कन्नडमधून एम.ए. केले आणि आता तिथेच शिकवते, हे पाहायला ते उरले नाहीत हे एका अर्थी बरे झाले.

गुरुजींची पत्नी सावंतवाडीची. लग्नाला त्रेचाळीस वर्षे झाली. शेजारणीशी वाजले की अजून ‘सावंतवाडची’ म्हणतात, असे ते हसत सांगत होते. मी तुझ्याविषयी विचारले. तेव्हा ते थांबले आणि म्हणाले, ‘नाव ठेवणे वेगळे आणि येणे वेगळे.’ बाजारात नेमक्या याच वेळी तू पिशव्या घेऊन आलीस, म्हणून मला अधिक काही विचारता आले नाही.

पाहा, विषय काढायचा नाही म्हणालो आणि दोनदा काढला.

समोरच्या अंकलबद्दल मला जास्त लिहायचे आहे. तुला ते फक्त हसरे आणि कमी ऐकू येणारे वाटतात. मुंबईत बावीस वर्षे धोबीतलावाच्या कुडीत राहिलेला हा माणूस आहे, आणि माझ्याशी जे मराठी बोलतो ते गिरगावचे आहे. कुडीविषयी मी ऐकले होते, पण आतून कोणी सांगितले नव्हते. गोव्यातल्या एकेका गावाने मुंबईत एकेक खोली धरलेली, बोटीवर नोकरी लागेपर्यंत किंवा रजा संपेपर्यंत गावच्या माणसाने तिथे राहायचे, प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक भिंतीशी, तीच त्याची जागा, आणि संध्याकाळी भिंतीवरच्या अल्तारासमोर सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची; ती चुकवली तर दंड. बाहेर त्यांना पाववाले म्हणत. अंकल म्हणाले, बाहेर काय म्हणतात याचे काही वाटत नसे, कारण ताप आला तर शेजारच्या ट्रंकेवरचा माणूस गावचाच असे. हे ऐकले आणि माझ्या पोटात कालवले. तुझी कुड कोणती, हे मी स्वतःला विचारत बसलो.

१९६१ च्या डिसेंबरात ते बारा वर्षांचे होते. चार इयत्ता पोर्तुगीजमध्ये शिकून झाल्या होत्या, त्या एका सुट्टीत निरुपयोगी झाल्या, आणि त्यांना पुन्हा इंग्रजीची मुळाक्षरे गिरवावी लागली. मी आपल्या भरात ४५१ वर्षांची गुलामगिरी संपली वगैरे म्हणालो, ते मान हलवीत राहिले आणि म्हणाले, ‘होय, संपली. पण माझी आई त्या रात्री पोरांना घेऊन चर्चमध्ये झोपली होती, तिला कोणी सांगितले नव्हते की हे मुक्त करायला आले आहेत.’ त्यांची प्रार्थना, त्यांची पत्रे, सगळी कोंकणी रोमी लिपीत आहे. कायदा देवनागरीचा आहे. म्हणजे ज्या भाषेसाठी त्यांनी लढा दिला ती राजभाषा झाली तेव्हा ती त्यांना वाचता येईना. एकाच गोव्यातल्या माणसांची दुःखे अशी एकमेकांच्या उलटी असतात, आणि गुरुजी व अंकल दोघेही मला ती घाटावरचा पाहुणा म्हणून सांगत होते. आपसांत ती त्यांनी कधी बोलून दाखवली असतील असे मला वाटत नाही.

त्यांना मी सरळच विचारले की बाहेरच्यांनी इथे घरे घेतलेली तुम्हाला आवडत नाहीत ना? त्यांनी उत्तराला वेळ घेतला. २००६ च्या अखेरीस प्रादेशिक आराखड्याविरुद्ध माणसे रस्त्यावर आली तेव्हा तेही गेले होते, आणि २००७ मध्ये तो आराखडा रद्द झाला तेव्हा त्यांनी घरी केक कापला होता. पण केक कापला त्याच वर्षी त्यांच्या सख्ख्या पुतण्याने डोंगरावरची काजूची बाग दिल्लीच्या माणसाला विकली. पुतण्या आता स्विंडनला असतो. आजोबा १९६१ पूर्वी गोव्यात जन्मले, त्या आधारावर लिस्बनला नोंद करून त्याने पोर्तुगालचा पासपोर्ट काढला, आणि तो निघाला त्या दिवशी भारताचे नागरिकत्व गेले. ‘आमचा माणूस बाहेरचा झाला म्हणून बाहेरच्याला जागा झाली’, असे अंकल म्हणाले. ‘तुमच्या मुलीला मी काय बोलू?’

ते सगळे अकराव्या दिवसाच्या संध्याकाळचे. आणि त्यानंतर त्यांनी सहज विचारले, ‘जुलैतल्या तापानंतर तिचे केस गळत होते, ते थांबले का?’

मला कोणता ताप ते कळेना. मग त्यांनी सांगितले. डेंग्यू, रात्री दीडला आलेली चक्कर, पाठीमागच्या मावशीने त्यांचे दार ठोठावले ते, त्यांच्या भाच्याची गाडी, बांबोळीच्या इस्पितळात पाच दिवस, आणि त्यांतल्या तीन रात्री मावशी तिथे जमिनीवर झोपली ते. मला तू सांगितले होतेस की संस्थेच्या बोटीवर जाते आहे आणि आठवडाभर फोन लागणार नाही. मी तो आठवडा आल्यागेल्याला माझी मुलगी समुद्रावर संशोधनाला गेली आहे असे सांगत फिरत होतो. इथल्या शिंदे गुरुजींना तर पुन्हा पुन्हा सांगितले.

तेव्हा त्या रात्री जेवताना मी जे बोललो, ते मला ठाऊक असताना बोललो. कोण येईल हे मला कळून चुकले होते, आणि त्यात मी नव्हतो. हे लिहायला मला चार दिवस आणि तीन कोरे कागद लागले. तू का सांगितले नाहीस हे मी विचारत नाही. तुला माहीत आहे की आई गेली त्या रात्रीपासून मला अडीचच्या सुमारास जाग येते. खालच्या मजल्यावरच्यांनी तिला खुर्चीत बसवून जिना उतरवला, चौघांनी, वळणावर खुर्ची भिंतीला घासली आणि तो ओरखडा मी अजून रंगवू दिलेला नाही. तू तेव्हा पुण्याला वसतिगृहात होतीस आणि परीक्षा होईपर्यंत तुला कळवू नये असे नानाकाकांनी ठरवले व मी मान हलवली. त्याचे तू मला कधी ऐकवले नाहीस. जुलैत बोटीची गोष्ट रचताना तुला ते आठवले होते की काय, एवढेच मनात येते.

असो. आता कामाचे.

मावशीविषयी तू मला ‘पाठीमागे राहतात’ एवढेच सांगितले होतेस. मी एका सकाळी विहिरीपाशी गेलो तेव्हा ती तुळशीवृंदावनाचा उडालेला गिलावा शेणमातीने लिंपत होती, तुळशीच्या लग्नाच्या आधी ते व्हायला हवे म्हणून. बोटे आत घालून ती भेग चाचपडून बघे, मग गोळा दाबे, आणि अंगठ्याने कड गोल करी. तिचा नवरा पाडेली होता, माडावरून पडून गेला. सासऱ्याला भाटकाराने, म्हणजे जमीनमालकाने, आपल्या भाटात घर बांधायला जागा दिली, त्याला आता सत्तर वर्षे होतील. ‘भाटकार गेले, आमी हांगाच’, असे ती म्हणाली. आणि मग हात धुऊन मला म्हणाली, तुमची बाय घर घेते आहे ना, मग आम्ही कुठे जायचे? मी सगळ्या गावाला विचारीत फिरलो होतो की माझ्या मुलीचे कसे होईल, आणि तीन रात्री जिने तुझ्याजवळ काढल्या ती मला विचारत होती की तुझ्यामुळे तिचे कसे होईल. तेव्हा मला त्या तीन रात्री ठाऊक नव्हत्या. मी आपला कायद्याचे काहीतरी बोललो.

तेच आता नीट लिहितो, आणि हे मात्र ऐक. ती मुंडकार आहे, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत त्याच्या संमतीने घर करून राहणारी. १९७५ च्या कायद्याने तिला त्या घरातून सहजासहजी कोणी काढू शकत नाही, आणि घर व भोवतीची जागा विकत घेण्याचा हक्कही तिला आहे. पण मामलेदाराच्या मुंडकार नोंदवहीत तिचे नाव आहे का, हे मी विचारले तेव्हा तिला काही सांगता आले नाही. घर विकणाऱ्याच्या वकिलाने तुला ‘मागे एक झोपडी आहे, ते प्रकरण मिटेल’ असे सांगितल्याचे तू म्हणालीस. माझ्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत ‘मिटेल’ या शब्दावर मी एकही फेरफार नोंदवलेला नाही. आधी तिची नोंद होऊ दे, तिचा भाग मोजून वेगळा पडू दे, आणि मग तुझे खरेदीखत. जागा कमी मिळेल. मिळू दे. विहीर सामाईक ठेव आणि तसे खतात लिहून घे. दुसरे म्हणजे त्या घराचे वारस बांद्र्यापासून लिस्बनपर्यंत पसरले आहेत. वाटणीची इन्व्हेंटरी कोर्टात पूर्ण झाली आहे का ते पाहा, आणि तिथे लग्नानंतर मालमत्ता दोघांची होते, तेव्हा प्रत्येक भावाबरोबर त्याच्या बायकोचीही सही लागेल. हा तिथला कायदा वाचून मी फार वेळ गप्प बसलो होतो. बायकोचे नाव सातबाऱ्यावर चढवा म्हणून मी किती उंबरे झिजवले आणि किती जणांनी मला चहा पाजून परत पाठवले, ते आठवत होते. तुझ्या आईचे नाव मीही उशिराच लावले.

पुन्हा व्याख्यान झाले. क्षमा कर.

अंकलकडून निघताना मी त्यांना माझा नंबर दिला. त्यांची डायरी जुनी आहे, बोटीवरच्या दिवसांतली, अक्षरांची पाने फाटून पुन्हा चिकटवलेली. त्यांनी ‘एम’चे पान काढले. तिथे ‘मुग्धा’ आधीच लिहिलेले होते, रोमी लिपीत, आडनावाच्या जागी ‘मयडे’. वर-खाली गावातलीच नावे होती, त्यांपुढे मात्र आडनावे होती. मी त्याचा फार अर्थ लावत नाही. तुझे आडनाव त्यांना उच्चारता येत नाही हे मी स्वतः ऐकले आहे. माझा नंबर त्यांनी तुझ्या नावाखाली लिहिला आणि मला नाव विचारले नाही.

शिंगणापूर रस्त्यावरचा प्लॉट विकायला मी नाही म्हणालो होतो. दादाशी बोलून घेतो; त्याला जुलैचे काही सांगितलेले नाही आणि तूही सांगू नकोस. तू फक्त त्या घराचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे तिथला सातबारा, आणि मोजणीचा नकाशा मला पाठव, मोबाइलवर नको, झेरॉक्स काढून पोस्टाने पाठव, अक्षर बारीक असते. मुंडकारांच्या वहीच्या नकलेसाठी अर्ज मावशीच्या नावाने करावा लागेल. तो मी इथे मराठीत लिहून ठेवला आहे, तिथे चालतो असे गुरुजी म्हणाले. तिचे पूर्ण नाव आणि सासऱ्याचे नाव तिला विचारून कळव. मी तिला सगळे विचारले, नाव विचारायचे राहिले.

तुझा,
बाबा

ता. क. पोया अजून दोन शिल्लक आहेत. तव्यावर गरम केल्या तर दुसऱ्या दिवशीही चालतात असे तू म्हणाली होतीस, पण चौथ्या दिवसाचे तू काही सांगितले नव्हतेस.